यादीतले 'नस्तर' नेमके कशाचे?

इंदुरात जुना वाडा पाडायला घेतला की माळ्यावरच्या ट्रंकेतून कधीतरी वीतभर लांबीचे एक लोखंडी हत्यार निघते. तीन-चार अरुंद पाती एकमेकांना लावून सुती दोऱ्याने करकचून गुंडाळलेली, टोके सुईसारखी, दोऱ्याच्या पिळात काळपट चिकट डाग. भाजी चिरायला निरुपयोगी, निंदणीलाही. घरच्या जुन्या यादीत त्यापुढे 'नस्तर' लिहिलेले असते आणि मराठी वाचणारा लगेच ठरवून टाकतो: वैद्याचे किंवा न्हाव्याचे, गळू फोडायचे.

घोटाळा या शब्दाचा आहे. नश्तर मूळ फारसी. चिरा देण्याचे धारदार हत्यार. मराठीत ते गळवापुरते उरले. बिहारकडे मात्र अफूच्या बोंडाला चिरा देणाऱ्या हत्याराचे हेच नाव होते. माळव्यातला शेतकरी त्याला नक्का म्हणतो, चीक खरवडायच्या हत्याराला छरपला आणि सगळ्या कामाला लुआई-चिराई. गळवाला एक पाते पुरते. बोंडावर एकाच ओढीत तीन-चार उभे, समांतर चिरे पडावे लागतात. दोरा म्हणूनच महत्त्वाचा: तो पात्यांमध्ये अंतर ठेवतो आणि आत जायला हवे तेवढेच टोक बाहेर सोडतो. चिरा खोल गेला तर चीक बोंडाच्या आतच गळतो. उथळ राहिला तर पुरेसा पाझरत नाही. दुपारी चिरा द्यायचा, रात्रभर पांढरट-गुलाबी चीक पाझरू द्यायचा आणि तपकिरी झालेला तो चीक सकाळी ऊन चढायच्या आत खरवडायचा. मग काही दिवसांनी त्याच बोंडाला दुसऱ्या अंगाने. इतके नेमके शेतीचे हत्यार औषधोपचाराच्या सदरात टाकणे ही साधी चूक नव्हे. त्यात आपल्या घरांच्या शेतीचा एक मोठा भाग पुसला जातो. इनामाची जमीन वाट्याने लावणाऱ्या वाड्यात नक्का येणे अगदी स्वाभाविक होते.

होळकर-शिंद्यांच्या मुलखात हे पीक जुनेच. बंगाल-बिहारात ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळव्यात ती बसली नाही. 1818 नंतर कंपनीने इथला माल स्वतः विकत घेऊन पाहिला, पण तो पाली, जैसलमेर, कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला निसटत राहिला. अखेर 1830-31 च्या सुमारास पास आले: कर भरा आणि माल मुंबईला न्या. सुमारे 63 किलोच्या पेटीला 175 रुपये. चोरवाट स्वस्त पडते म्हणून 1835 मध्ये ते 125 वर आले. 1843 मध्ये सिंध घेतला, वाट बंद झाली, तशी त्याच वर्षी 200 आणि 1847 पर्यंत 400. इंदुरात वजन होऊन पास मिळे. इथल्या सराफांच्या पेढ्या या पेट्यांवर वाढल्या. चीनला होणारी निर्यात 1913 मध्ये थांबली.

त्यानंतर पीक परवान्यापुरते आक्रसले. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने पकड आणखी घट्ट केली. आज मंदसौर-नीमच पट्ट्यात ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या देखरेखीखाली परवाने दिले जातात. 2021-22 पासून काही शेतकऱ्यांना चिरा न देता बोंडे तशीच सुकवून द्यायचे परवाने मिळू लागले. त्या शेतांत नक्का लागत नाही. यंदा माळ्यावर चढणाऱ्या नक्क्याला तरी यादीत त्याच्याच नावाने लिहावे.