वेस्टर्न पिक्चरचं कुंपण नेमकं कुठे संपतं

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी लोन पाइन नावाचं छोटंसं गाव आहे आणि गावाबाहेर गोलगोल तांबूस खडकांचा मोठा पसारा, त्याला अलाबामा हिल्स म्हणतात. मूकपटांच्या जमान्यापासून तिथे घोडे दौडवलेत, शेकडो वेस्टर्न तिथे शूट झालेत. १९३९ चा 'गंगा दिन' त्याच खडकांत शूट झाला आणि पडद्यावर ते खडक झाले आपल्याकडचा वायव्य सरहद्द प्रांत, त्यात गोरे सार्जंट, ठग, हत्ती, सोन्याचं देऊळ असं सगळं. मग १९६२ मधे तीच गोष्ट उचलून 'सार्जंट्स थ्री' आला, गोऱ्या सार्जंटांच्या जागी अमेरिकन घोडदळ, ठगांच्या जागी तिथले मूळ रहिवासी आणि पाणक्या गंगा दिनच्या जागी गुलामगिरीतून सुटलेला एक काळा माणूस. दुसऱ्याला सगळे बिनधास्त वेस्टर्न म्हणतात, पहिल्याला म्हणताना अडखळतात. आता गोष्ट तीच, माणसं तीन ती तीनच, मग फरक टोप्यांचा का?

पुस्तकी व्याख्या सोपी आहे. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, १८६५ ला यादवी युद्ध संपल्यापासून साधारण १८९० पर्यंत घडणारी गोष्ट. पण ही व्याख्या लावायला गेलं की चांगले चांगले पिक्चर कुंपणाबाहेर पडतात आणि नको ते आत येतात. मला विचाराल तर वेस्टर्न ही जागा नाहीच, ती एक वेळ आहे. वस्ती पोचलीय, पैसा पोचलाय, बंदुका तर केव्हाच पोचल्यात, कायदा मात्र अजून वाटेत आहे, आणि या मधल्या वेळात माणूस कसा वागतो, ती गोष्ट म्हणजे वेस्टर्न. माझं हे म्हणणं इतिहासात किती टिकतं ते बघू.

खरा 'वेस्ट' फार थोडा टिकला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन कसून दाखवणाऱ्याला मिळायला लागली, १० मे १८६९ ला यूटामधे प्रॉमन्टरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. टेक्सासातून हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायची, तिथून ती गाडीनं शिकागोच्या बाजारात, हा काउबॉयचा खरा धंदा, तो चालला जेमतेम वीस वर्षं. १८७४ मधे जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, बघता बघता मोकळ्या कुरणांना कुंपणं पडली, १८८६-८७ च्या भयंकर थंडीत गुरं मेली ती मेलीच, आणि १८९० च्या जनगणनेनं सांगून टाकलं की आता वस्तीच्या सरहद्दीची अशी सलग रेघ काही उरलेली नाही. म्हणजे त्या काळावरचे पिक्चर तो काळ चालला त्याच्या कितीतरी पट जास्त वर्षं चाललेत.

आणि गंमत म्हणजे तो काळ संपायच्या आधीच त्याचा खेळ सुरू झाला होता. बफेलो बिल कोडीनं १८८३ मधे आपला 'वाइल्ड वेस्ट' शो काढला, घोडे, नेमबाजी, टपालगाडीवरचा हल्ला असं सगळं मैदानात. लकोटा लोकांचा नेता सिटिंग बुल १८८५ मधे त्या शोबरोबर फिरला, ज्याच्या लोकांनी नऊच वर्षांपूर्वी लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्यातल्या कस्टरच्या घोडदळाचा धुव्वा उडवला होता! १८८७ मधे हा शो व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाला लंडनला गेला. खऱ्या माणसांनी स्वतःचीच सोंगं काढायची ही पद्धत तिथून पडली ती पडलीच.

सिनेमात पण तेच झालं. १८९९ मधे वायोमिंगात विलकॉक्सजवळ बुच कॅसिडीच्या टोळीनं खरी रेल्वे लुटली आणि १९०३ मधे एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टरनं 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' काढला. १२ मिनिटांचा तो पिक्चर शूट कुठे झाला तर बराचसा न्यू जर्सीत, म्हणजे पार पूर्व किनाऱ्यावर, तेव्हा वेस्टर्नचं पाऊल पहिल्यापासूनच वेस्टच्या बाहेर. त्यातला एक शॉट गोष्टीला जोडलेलाच नाही, टोळीचा म्होरक्या सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, पिस्तूल रोखतो आणि झाडतो.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो वायट अर्पचा किस्सा. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोनला २६ ऑक्टोबर १८८१ ला ओके कोरलजवळ झालेली ती सुप्रसिद्ध चकमक साधारण ३० सेकंदांची होती, अर्प कायद्याच्या बाजूनं लढला, तीन माणसं मेली. निमित्त काय, तर गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती आणि समोरचे लोक ती पाळत नव्हते. म्हणजे जिच्यावर एवढे पिक्चर निघाले ती चकमक नगरपालिकेच्या नियमावरून झाली, कायदा नुकता दारात येऊन उभा होता आणि कुणीतरी त्याला आत घ्यायला तयार नव्हतं. तोच वायट अर्प म्हातारपणी लॉस एंजेलिसला राहिला, १९२९ मधे गेला आणि त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत टॉम मिक्स आणि विल्यम हार्ट होते, मूकपटातले दोन मोठे काउबॉय हिरो. खऱ्या माणसाला नटांनी पोचवलं.

१९३० च्या दशकात वेस्टर्न म्हणजे शनिवारच्या खेळाला पोरांनी बघायचा स्वस्त माल झाला होता. त्याला वर काढलं ते १९३९ च्या 'स्टेजकोच'नं. डायरेक्टर जॉन फोर्ड, हिरो जॉन वेन, आणि मागे मॉन्युमेंट व्हॅलीचे ते उभे लाल सुळके. ही व्हॅली यूटा आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर नवाहो लोकांच्या जमिनीत आहे, फोर्ड तिथे परत परत गेला आणि इतका की जगाला वेस्ट म्हटलं की तेच सुळके दिसायला लागले. 'द सर्चर्स' (१९५६) सुरू होताना पाटी येते टेक्सास १८६८ आणि समोर दिसते मॉन्युमेंट व्हॅली. त्यातल्या कोमांची सरदाराचं काम केलंय जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडननं आणि त्याच्या मागचे कोमांची म्हणजे प्रत्यक्षात नवाहो. हे मला खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. ज्यांची जमीन त्यांना आपल्याच जमिनीवर दुसऱ्याच जमातीची, त्यातही खलनायकाची सोंगं. काउबॉयमधे मेक्सिकन किती होते आणि काळे किती होते हे पण हॉलिवुडनं कित्येक वर्षं दाखवलंच नाही, खरं तर रँच, रोडिओ, लॅसो हे सगळे शब्दच स्पॅनिशमधून आलेत.

तरी पण त्याच 'सर्चर्स'चा शेवट मी कितीदा बघितला असेल सांगता येत नाही. घराच्या आतल्या अंधारातून कॅमेरा उघड्या दाराकडे बघतोय, बाहेर कडक ऊन. वर्षानुवर्षं शोधून आणलेल्या पुतणीला ईथन, म्हणजे जॉन वेन, घरच्यांच्या हवाली करतो, एकेक जण दारातून आत येतो, कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जातो. ईथन तेवढा उंबऱ्याबाहेर थांबतो. डाव्या हातानं उजवा दंड धरतो. ही हॅरी कॅरीची लकब, फोर्डचा मूकपटातला जुना हिरो, १९४७ मधे गेलेला, आणि नुकतीच दारातून आत गेलेली घरमालकीण म्हणजे त्याची खरी बायको ऑलिव्ह कॅरी. मग ईथन वळतो, वाऱ्यात एकटाच चालायला लागतो आणि दार बंद होतं. ज्याच्या बंदुकीनं घर वाचवलं त्याला घरात जागा नाही, ही वेळ सरल्याची खूण. चारशे पानी कादंबरीनं जे सांगावं ते एका दारानं सांगितलं.

१९५२ च्या 'हाय नून'मधे तर वेळच हिरो आहे. पिक्चर ८५ मिनिटांचा, गोष्ट पण साधारण तेवढ्याच वेळात घडते, भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात, बाराच्या गाडीनं गुंड येणार आणि मार्शलच्या मदतीला अख्ख्या गावातलं कुणी येत नाही. लेखक कार्ल फोरमनला त्याच काळात कम्युनिस्ट म्हणून सरकारी चौकशी समितीनं बोलावलं होतं, मित्र पाठ फिरवत होते, नंतर तो देश सोडून इंग्लंडला गेला, तेव्हा ते रिकामे रस्ते कुठून आले ते कळतं. जॉन वेनला आणि डायरेक्टर हॉवर्ड हॉक्सला हा पिक्चर अजिबात पटला नाही, खरा शेरीफ गावभर मदत मागत फिरत नसतो असं म्हणून त्यांनी १९५९ मधे 'रिओ ब्राव्हो' काढला. भांडण राजकारणाचं आणि उत्तर घोड्यावरून. मला दोन्ही आवडतात, पण पोटात गोळा येतो तो पहिल्यानंच.

आता कुंपणावरचे पिक्चर. राऊल वॉल्शनं १९४१ मधे 'हाय सिएरा' काढला, हम्फ्री बोगार्टचा गँगस्टरपट, त्यात मोटारी आणि हॉटेल, आणि त्याचीच गोष्ट त्यानं १९४९ मधे 'कोलोरॅडो टेरिटरी' म्हणून घोड्यांवर बसवली, कुठेही शिवण दिसत नाही. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' १९४५ मधे घडतो, हिरो रेल्वेनं येतो, एका हाताचा, घोडा वगैरे काही नाही, पण गावानं दडपलेला खून आणि मूग गिळून बसलेले लोक बघितले की तो वेस्टर्नच वाटतो. 'लोनली आर द ब्रेव्ह'मधे (१९६२) कर्क डग्लस उठतो तेव्हा वर आभाळात जेट विमानांच्या रेघा असतात, थोड्या वेळानं तो वाटेतली काटेरी तार पक्कडीनं कापून घोडा पुढे काढतो, आणि ज्याच्या मागे पोलीस हेलिकॉप्टर घेऊन लागलेत त्या माणसाचा शेवट हायवेवर पावसात एका ट्रकखाली होतो. इथे कायदा पोचून साठ सत्तर वर्षं झालीत, उशीर झालाय तो माणसाला. याला वेस्टर्न न म्हणणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे. जॉन कार्पेंटरनं १९७६ मधे लॉस एंजेलिसच्या पोलीस चौकीवर 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' काढला तेव्हा एडिटर म्हणून नाव टाकलं जॉन टी. चान्स, म्हणजे 'रिओ ब्राव्हो'तल्या शेरीफचं, एवढं स्वच्छ कर्ज कुणी कबूल करत नाही. १९८१ चा 'आउटलँड' तर गुरूच्या चंद्रावर घडतो, गाडीऐवजी यान, बाकी 'हाय नून'च.

देशांची कुंपणं पण अशीच ओलांडली गेली. जपानी डायरेक्टर कुरोसावा जॉन फोर्डचा चाहता, त्याचा 'सेव्हन सामुराय' (१९५४) अमेरिकेत जाऊन १९६० मधे 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाला, आणि त्याच्याच 'योजिम्बो'वरून सर्जिओ लिओनेनं न विचारताच १९६४ मधे 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला, जपानी कंपनीनं दावा लावला, तडजोडीत कमाईतला १५ टक्के वाटा द्यावा लागला. इटालियन डायरेक्टर, स्पेनमधलं अल्मेरियाचं वाळवंट, संगीतकार मोरिकोनेची शिट्टी. लिओनेच्याच 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात बघा, तीन मारेकरी स्टेशनवर गाडीची वाट बघतायत, पवनचक्की करकरतेय, एकाच्या टोपीवर थेंब थेंब पाणी पडतंय आणि तो हलत नाही, दुसऱ्याच्या दाढीवर माशी बसलीय, ती तो पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि नळी कानाला लावून तिची घूं घूं ऐकतो.

आपल्याकडे याचं वेड जुनंच, १९६९ चा 'मॅकेनाज गोल्ड' त्यांच्या देशात पडला आणि इथे तुफान चालला. आणि १९७५ चा 'शोले'. त्यातली मालगाडीवरची मारामारी मुंबई-पुणे लाइनवर पनवेलजवळ शूट झाली, रामगढ उभं केलं बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत, ठाकूरच्या कुटुंबाची हत्या थेट लिओनेची आठवण करून देते. पण सलीम-जावेदनी त्यात जे घातलं ते तिकडे कुणाला सुचलं नव्हतं. ठाकूर पोलीस अधिकारी आहे, म्हणजे इथे कायदा येऊन पोचलेला होता आणि गब्बरनं त्याचे दोन्ही हात तोडलेत. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला संपवतो. तेव्हा आणीबाणी होती, माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, मग शेवट नव्यानं शूट करावा लागला आणि ठाकूरचा पाय गब्बरवर पडणार तेवढ्यात पोलीस येऊन पोचतात. इतकी वर्षं आपण तोच बघितला. पहिला शेवट आता बघायला मिळतो, त्यात पोलीस येत नाहीत, गब्बर मरतो आणि ठाकूर ढसाढसा रडतो.