माती की गायीची जात? पौष्टिक अन्नाच्या चर्चेमागचा इतिहास

गोव्यात फोंडा, डिचोलीकडे हल्ली पौष्टिक खाण्याचा विषय निघाला की गाडी जातीवरच येते, ए2 दूध, देशी गाय, गावठी अंडी वगैरे. ती गाय खाते काय आणि तिचा चारा कसल्या मातीत उगवतो हे फार कमी लोक विचारतात. हे असं का झालं ते समजायला जरा मागे जावं लागतं.

खरं तर मातीचं संशोधन जातीच्या संशोधनाच्या आधीचं. 1926 साली रॉबर्ट मॅककॅरिसन हा ब्रिटिश डॉक्टर दक्षिण भारतात, शेणखत घातलेल्या आणि रासायनिक खत घातलेल्या शेतातलं धान्य वेगवेगळं खाऊ घालून पोषणात फरक पडतो का हे तपासत होता. त्याच सुमारास इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड हा ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ शेण, काडीकचरा आणि माती यांचं कंपोस्ट करायची पद्धत बसवत होता. म्हणजे गोठा आणि शेत वेगळं धरायचंच नाही हा विचार आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी चालू होता.

मग ऑस्ट्रेलियातली गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथल्या काही किनारी भागात मेंढ्या भरपूर हिरव्या चाऱ्यात उभ्या राहून खंगून मरायच्या, लोक रोग शोधायचे, औषधं द्यायचे, काही उपयोग नाही. 1935 मध्ये कळलं की मातीत कोबाल्ट हे मूलद्रव्यच पुरेसं नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू कोबाल्टपासून बी12 बनवतात, कोबाल्ट नसेल तर चारा कितीही असू दे, बी12 बनतच नाही. अगदी किंचित कोबाल्ट दिलं आणि मेंढ्या सुधारल्या. नुसती चांगली जात आणून हे सुटलं नसतं.

असंच पुढे फिनलंडमध्ये झालं. तिथल्या मातीतून पिकाला सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं मूलद्रव्य) फार कमी मिळायचं म्हणून 1984 पासून सरकारने रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायला लावलं आणि धान्य, दूध, मांस, शेवटी माणसांचं रक्त, सगळीकडे त्याचं प्रमाण वाढलं. तुर्कस्तानात 1990 च्या दशकात झिंक घालून गव्हाचं उत्पादन आणि दाण्यातलं झिंक दोन्ही वाढवलं.

जातीच्या संशोधनाला आपल्याकडे जोर आला तो 1960 च्या दशकात, आणि त्याचं कारणही साधं होतं, देशात दूध कमी पडत होतं. जर्सी आणि होल्स्टीन या परदेशी जातींचं सिमेन (वीर्य) आणून संकरित गुरं वाढवायची, लिटर वाढवायचे. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि थोड्याच काळात हेच धोरण इथेही आलं, पुढे दूध संस्था निघाल्या, फोंड्याजवळ कुर्टीला डेअरी उभी राहिली. पण चाऱ्याला जागा नाही, त्यामुळे पेंडीच्या पोत्यांवर गाय पोसायची आणि तरीही आजसुद्धा आपल्याकडचं बरंच दूध घाटावरून येतं.

जातीचं काम फुकट गेलं असं मी अजिबात म्हणत नाही. दुधाचं प्रमाण, फॅट, प्रोटीन हे बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. कॅल्शियमही केसीन या दुधातल्या प्रथिनाबरोबर येतं, चाऱ्यात कमी पडलं तर गाय स्वतःच्या हाडातून काढून देते, म्हणून दुधात ते फारसं घटत नाही. 2001 पासून जीनोमवरून (जनावराच्या सगळ्या डीएनएवरून) वळू निवडायची पद्धत पुढे आली, आणि 2024 मध्ये आपल्या देशी गुरांसाठी गौ चिप (डीएनए तपासायची चिप) आली, ही मोठी कामं आहेत. पण आयोडीन, सेलेनियम यांचं तसं नाही, जे चाऱ्यात तेच दुधात. आणि ए2 म्हणजे बीटा केसीनमध्ये 67 व्या जागी ए1 मधल्या हिस्टिडीनऐवजी प्रोलीन हे अमिनो आम्ल, एवढाच फरक. ए1 दुधामुळे रोग होतात याचा कार्यकारणसंबंध दिसत नाही असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2009 मध्येच सांगितलंय.

आता आपली माती बघा. जांभ्याची, वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, माती आंबट होते आणि स्फुरद घातलं तरी लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. खाली खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, मीठ. जुन्या लोकांनी बांध आणि मानस (खारं पाणी अडवायची दारं) बांधून गावकरीतून, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन संस्थेतून, ते सांभाळलं, कोरगुटसारखं मीठ सोसणारं भात टिकवलं. डोंगराकडच्या बागायतीला शेण, पालापाचोळा, राख. मग गुरं कमी झाली, शेणखत कमी झालं, युरियाचं पोतं सोपं पडायला लागलं, आणि शेत आणि गोठा दोन वेगळ्या खात्यांचे विषय झाले. कृषी खातं एकीकडे, पशुसंवर्धन दुसरीकडे. मला वाटतं खरं नुकसान इथे झालं.

जुन्या गोव्याजवळ एला इथे 1976 पासून कृषी संशोधन केंद्र आहे, 2014 पासून ते संपूर्ण किनारपट्टीसाठी काम करतं. तिथे दोन्ही बाजूंचं काम झालंय. कोरगुटमधून निवड करून गोवा धान 1 आणि 2 ही मीठ सोसणारी वाणं काढली, आणि आपल्या पांढऱ्या गावठी गायीचा अभ्यास केला, ती श्वेतकपिला नावाने राष्ट्रीय नोंदणीत गेली. दिवसाला दोन-तीन लिटर दूध, लिटरमध्ये मोजलं तर ती हरणारच. पण आपल्या पावसात आणि आपल्या गवतावर ती तगते आणि तिचं शेण गावातल्याच शेतात जाऊ शकतं, हे मोजायला कुणी बसत नाही.

2015 मध्ये मृदा आरोग्य कार्ड आलं, त्यात 12 गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चांगली यादी आहे, पण ती पिकासाठी केलेली. गायीला आणि दूध पिणाऱ्या पोराला लागणारं कोबाल्ट, सेलेनियम, आयोडीन त्यात नाही. गोव्यात जिथे जिथे नेपियर हे चाऱ्याचं गवत लावलंय तिथली माती आणि तो चारा, दोन्हीत ही तीन मूलद्रव्यं एकदा तरी तपासायला हवीत, आणि तो खर्च कृषी आणि पशुसंवर्धन दोघांनी मिळून उचलायला हवा. नव्या जातीच्या गायीला सबसिडी द्यायच्या आधी.