रोमन ऑरियस: सोन्यावर चेहरा कसा आला

रोमचं सोन्याचं नाणं म्हणजे ऑरियस, आणि त्यावर सम्राटाचा चेहरा असणारच असं आपण धरून चालतो, पण सुरुवातीला तसं नव्हतंच. प्रजासत्ताकाच्या काळात रोमच्या टांकसाळीत देवदेवता आणि पूर्वज छापले जायचे, जिवंत माणूस नाही. इ.स.पू. 46 मध्ये ज्युलियस सीझरने ऑरियस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात पाडले, त्यावरसुद्धा डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री आहे, सीझरचं फक्त नाव. त्याचा चेहरा 44 मध्ये चांदीच्या नाण्यांवर आला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला. आणि खून करणाऱ्या ब्रुटसने काय करावं, तर पुढच्या एक-दोन वर्षांत स्वतःचाच चेहरा छापला, मागे दोन खंजीर आणि मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी! सोन्यातली ही नाणी अगदी बोटावर मोजण्याइतकी उरलीत.

मला सगळ्यात भारी वाटतात ती नीरोची सुरुवातीची नाणी. इ.स. 54 मध्ये सोळा वर्षांचा नीरो सम्राट म्हणून गादीवर आला, त्या वर्षीच्या ऑरियसवर तो आणि त्याची आई अग्रिपिना समोरासमोर, आणि पुढच्या बाजूला नाव आईचं, मुलाचं नाव मागे ढकललेलं. दुसऱ्याच वर्षी दोघं एकाच दिशेला बघतायत, नीरो पुढे, आई त्याच्या आड, आणि आता पुढचं नाव त्याचं. मग ती नाण्यांवरून गायबच झाली. 59 मध्ये नीरोने तिला मारून टाकलं. दरबारातलं राजकारण इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

वजनाचं थोडक्यात सांगायचं तर सीझरच्या वेळी एका रोमन पौंडात 40 ऑरियस, म्हणजे नाणं साधारण 8 ग्रॅमचं, नीरोने 64 मध्ये 45 केले, पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे नवं सोन्याचं नाणं काढलं ते पौंडात 72.

हे सोनं आपल्याकडेही खूप आलं. मिरी, मलमल, रत्नं यांच्या बदल्यात पैसा भारतात जातो म्हणून रोमन लेखक प्लिनी कुरकुरत होता, पाच कोटी सेस्टर्स (रोमचं एक छोटं नाणं) दरवर्षी असा त्याचा आकडा. पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या जुन्या ग्रीक पुस्तकात भरूचला रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्यात बदलली जातात असं लिहिलंय आणि त्याच बंदरात पैठण आणि तेरचा माल उतरायचा. तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 मध्ये 501 ऑरियस सापडले, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा घाव आहे. नाणं म्हणून ते पुन्हा चालू नये, नुसतं सोनं म्हणून तोलावं, यासाठी तो घातला असावा असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं.