‘कामावर असताना’ आणि ‘कामामुळे’

अग्निशमन दलातल्या भरपाईचा विषय निघाला की हे दोन शब्दप्रयोग सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. “ड्यूटीवर असताना झालं ना? मग मिळेल की!” हे ऐकून ऐकून कान किटले आहेत.

इजेचं सगळ्यांना ठाऊक आहे. शिडीवरून पाय घसरला, स्लॅब कोसळला, वाफेनं मनगट भाजलं. तारीख, वेळ, सोबतचे साक्षीदार, डॉक्टरांचा कागद, सगळं जागच्या जागी. इथं ‘असताना’ सिद्ध झालं की ‘मुळे’ बहुधा मागोमाग येतंच. फक्त एक ध्यानात ठेवा: स्टेशनच्या डायरीतली नोंद म्हणजे दावा नव्हे. दाव्याचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी.

खरा घोळ आजाराचा. फोम, प्लास्टिक, रंग जळतात, जुन्या छपरांतलं अ‍ॅस्बेस्टॉस मोकळं होतं, आणि हे सगळं श्वासातून, काही अंशी कातडीतूनही, अंगात भिनत राहतं. त्या दिवशी काहीच दुखत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग दिसून यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. तोवर माणूस निवृत्त होऊन घरी बसलेला असतो. म्हणजे ‘असताना’ हातातून गेलेलं. उरतं ते नुसतं ‘मुळे’, आणि त्याला ना तारीख, ना साक्षीदार.

इथं कुणीतरी हमखास २०२२ सालचा निर्णय पुढे करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्या वर्षी अग्निशमनाचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं. मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबत पुरावा पुरेसा ठरला. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण अशा काही कर्करोगांबाबत मर्यादित. निर्णय मोठाच आहे. पण पहिला गट सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा. या कामानं कर्करोग होऊ शकतो, एवढंच. किती जणांना होतो, हे तो सांगत नाही. आणि अमक्या जवानाचा कर्करोग याच कामातून आला, हे तर मुळीच नाही. दाव्यात नेमका तोच प्रश्न विचारला जातो.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि कॅनडातल्या प्रांतांनी यावर तोड काढली. ठरावीक कर्करोग आणि ठरावीक वर्षांची सेवा असेल, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर ते मालकानं सिद्ध करायचं. हृदयविकाराचंही तसंच: आगीसारख्या दमछाकीच्या कामानंतर २४ तासांच्या आत झटका येऊन जवान दगावला, तर तो कर्तव्यावरचा मृत्यू धरावा, असं अमेरिकेच्या २००३ सालच्या केंद्रीय कायद्यानं ठरवलं. मात्र असं गृहीतक खोडता येतं. आणि जिथं ते नाहीच, तिथं सगळं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावर.

म्हणून माझा सगळा राग एका शब्दावर आहे: ‘निरंक’. मोठी आग विझवून आल्यावर अहवालात ‘इजा: निरंक’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कुणी भाजलं नाही हे खरं, पण काय भिनलं त्याचं काय? त्या रकान्याशेजारी दुसरा रकाना हवा: काय जळत होतं, आत किती वेळ होतो, बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचं श्वसनयंत्र) कधी उतरवला. जोखीम व्यवस्थापन म्हणून जे भाषणांतून सांगतात, त्याची सुरुवात या रकान्यापासून होते. कारण ज्वाळा विझल्या की कूलिंगच्या, म्हणजे धुमसती जागा थंड करण्याच्या, वेळी धूर पातळ दिसतो म्हणून सेट उतरवला जातो, आणि विषारी वायू व बारीक कण तेव्हाही हवेत असतात. हे कुठल्या आगींत, किती वेळा घडतं, ते नोंदीशिवाय कळणार कसं? (काजळीनं काळं झालेलं हेल्मेट शौर्यपदकासारखं मिरवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. धुवा ते.)

‘सेट उतरवला होता’ असं स्वतःच्या हातानं लिहायला जवान कचरतात; उद्या तेच कारवाईचं निमित्त होईल ही भीती. ती अनाठायी नाही. म्हणूनच धुराशी आलेल्या संपर्काची ही नोंद शिस्तीच्या फाइलपासून वेगळी ठेवावी आणि तिची एक प्रत जवानाच्या घरी असावी.