रेसच्या रहस्यकथांच्या मुळाशी काय आहे

घोड्यांच्या रेसवरच्या जुन्या काळातल्या डिटेक्टिव्ह कथा वाचताना वाटतं की लेखकाने जरा जास्तच ताणलंय, पण खरा इतिहास बघितला तर लेखकांनी उलट हात आखडता घेतलाय असंच म्हणावं लागेल.

1844 ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी ही मोठी रेस घ्या. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, आणि जिंकला 'रनिंग रेन' नावाचा घोडा, जो प्रत्यक्षात 'मॅकॅबीअस' नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक! संशय रेसच्या आधीपासूनच होता, तरी स्ट्युअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, पळू दिला, म्हणाले जिंकलाच तर बघू. मग रेसच्या दुनियेतलं बडं प्रस्थ असलेला लॉर्ड जॉर्ज बेंटिंक स्वतःच तपासाला लागला, पार केसांचा कलप कुठल्या दुकानातून घेतला तिथपर्यंत माग काढला, कारण घोड्याचे पाय रंगवलेले होते. केस कोर्टात गेली तेव्हा जज आल्डरसन म्हणाले आधी घोडा हजर करा, दात बघून वय कळेल, आणि घोडाच गायब! शेवटी दुसरा आलेला 'ऑर्लॅंडो' विजेता ठरला.

आणि एवढ्यावर थांबत नाही, त्याच रेसमध्ये 'लिअँडर' नावाचा घोडा पाय मोडल्यामुळे मारून पुरला होता, त्याच्याही वयाचा संशय आला म्हणून उकरून काढला तर खालचा जबडाच नाही. मग वरच्या दातांवरून वय काढलं, तोही चार वर्षांचा निघाला. मला तर हा भाग कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी वाटतो.

पण पोलिसांच्या दृष्टीने मोठी गोष्ट 1877 ची. बेन्सन आणि कर नावाच्या ठगांनी रेसच्या बेटिंगच्या नावाखाली पॅरिसच्या एका श्रीमंत बाईला लुबाडलं, त्यासाठी खोटा पेपरसुद्धा छापला, आणि तपास लागत नव्हता कारण स्कॉटलंड यार्डचेच, म्हणजे लंडन पोलिसांचेच, डिटेक्टिव्ह त्यांच्याकडून पैसे खात होते आणि पोलीस येणार असले की आधीच खबर देत होते. तीन इन्स्पेक्टर जेलमध्ये गेले, जुनी डिटेक्टिव्ह शाखा मोडीत काढली आणि 1878 मध्ये गुन्ह्यांच्या तपासाची नवी शाखा, सीआयडी, उभी राहिली. आपल्याकडे जे नाव घराघरात माहितीये त्याच्यामागे रेसचा घोटाळा आहे हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

म्हणून 1892 मध्ये आलेल्या कथेत शेरलॉक होम्स रेसच्या गायब घोड्याच्या मागे इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर गेला तेव्हा वाचकांना ते अजिबात अशक्य वाटलं नसणार, असले घोटाळे त्यांनी पेपरातच वाचलेले होते.