कॉर्निया टोपोग्राफीतलं चुकीचं निदान

कॉर्नियाचा म्हणजे पारपटलाचा रंगीत नकाशा वाचताना चांगल्या डोळ्याला आजारी ठरवणं किंवा खरा आजार नजरेतून सुटणं, म्हणजे टोपोग्राफीतलं चुकीचं निदान. सगळ्यात जास्त घोळ केराटोकोनसवरून होतो, ज्यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. नकाशात खाली लालभडक डाग (म्हणजे जास्त उभार भाग) दिसला की केराटोकोनस लिहून मोकळं व्हायचं ही सवय फार वाईट, कारण रंग सॉफ्टवेअरने स्केलप्रमाणे भरलेले असतात. स्केल ऑटोवर असेल तर जरासा फरकही निळ्यापासून लालपर्यंत ताणून दिसतो, आणि स्टेप (दोन रंगांमधलं अंतर) मोठी ठेवली तर सुरुवातीचा खरा आजार हिरव्यात लपून जातो. आधी बाजूची रंगपट्टी आणि आकडे, मग रंग.

प्लॅसिडो मशीन अश्रूंच्या थरावर पडलेलं रिंगांचं प्रतिबिंब वाचतं, त्यामुळे डोळा कोरडा असेल तर रिंगा वेड्यावाकड्या होतात आणि मशीन तरीही बिनधास्त नकाशा काढून देतं, जो हुबेहूब आजारासारखा दिसू शकतो. म्हणून रिंगांचा मूळ फोटो बघायलाच हवा (बरेच जण तो उघडतही नाहीत). डोळ्याचं प्रेशर बघायचं असेल तर तेही नकाशा काढून झाल्यावर, कारण बधिर करायच्या थेंबांनी आणि टोनोमीटरच्या स्पर्शाने पृष्ठभाग बिघडतो.

कॉन्टॅक्ट लेन्सचं प्रकरण जास्त फसवं. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकली केराटोकोनस दिसतो. सॉफ्ट लेन्स साधारण 1-2 आठवडे, आरजीपी (कडक लेन्स) 3-4 आठवडे बंद ठेवून परत नकाशा काढतात, आणि तो बदलतच असेल तर अजून थांबतात. इथे ओसीटीवरचा (प्रकाशाने थरांचे छेद दाखवणारं स्कॅन) एपिथेलियमचा नकाशा फार कामाला येतो: खऱ्या शंकूच्या टोकावर हा वरचा थर सहसा पातळ असतो, लेन्समुळे आलेल्या फुगवट्यावर मात्र बहुतेक वेळा जाड. हाच थर सुरुवातीचा शंकू पुढच्या बाजूने झाकूनही टाकतो, म्हणून शाइम्पफ्लुग कॅमेऱ्याने (जो कॉर्नियाचे छेद टिपतो) मागचा पृष्ठभाग बघतात.

जाडीचं थोडक्यात. मध्यभागी सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास असते, पण नुसता पातळ कॉर्निया म्हणजे आजार नाही, सर्वात पातळ जागा कुठे सरकलीय आणि तिथून कडेकडे जाडी किती झपाट्याने वाढतेय ते बघायचं. खेकड्याच्या नांग्यांसारखा आकार दिसला की पेल्युसिड डिजनरेशन (कॉर्निया खालच्या कडेजवळ पातळ होण्याचा आजार) म्हणतात, पण तो खालच्या केराटोकोनसमध्येही दिसतो, तिथेही जाडीचा नकाशाच निकाल देतो. आणि पेशंटचं आधी लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) झालंय का हे विचारलंच नसेल, तर न ऑपरेट केलेल्या डोळ्यांवर बेतलेले मशीनचे इंडेक्स (आजाराची शक्यता सांगणारे आकडे) उगाच लाल पेटतात.