पाणी असताना तळं, नसताना पड

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी एक बंधारा बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ फुगवट्यात साचत गेला. बेटं तयार झाली, लव्हाळे आणि पाणकणसं माजली, हिवाळ्यात बदकं उतरू लागली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे दुखणंच, कारण साठवण घटली. याच दुखण्यातून नांदूर मध्यमेश्वर घडलं आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

आता याला म्हणायचं काय? नदी, धरण, तलाव की दलदल? हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. कुठल्या रकान्यात नाव पडतं त्यावर जागेचं भवितव्य ठरतं. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या कराराची पाणथळीची व्याख्या भलतीच उदार आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमची वा हंगामी, गोडी, मचूळ वा खारी, एवढंच काय, ओहोटीला ६ मीटरपर्यंत खोल असणारा समुद्रही त्यात बसतो. गोव्यातली खाजनं (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतं), मिठागरं, भातखाचरं, सगळं आलं. आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी व्याख्या हीच घेतली, पण लगेच पुढे नदीपात्रं आणि भातशेती वगळली. पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले.

दख्खनच्या पठारावर ही वगळणी फार महागात पडते. इथे नैसर्गिक सरोवरं मुळातच विरळ. लोणार आहे, पण तेही उल्का आदळली म्हणून. बाकी आपली बहुतेक पाणथळ जागा माणसाने पाणी अडवल्यामुळे झालेली. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, धानाला पाणी मिळावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर यादीत आहे, म्हणून त्याचं निभावलं. बाकी बहुतेकांना असं कवच नाही.

शास्त्रज्ञ वर्गीकरण करताना हेतू विचारत नाहीत. अमेरिकेत १९७९ मध्ये जी पद्धत रूढ झाली ती तीन साक्षीदार तपासते: पाणी, वनस्पती आणि माती. पाणी येतं-जातं, वनस्पती गुरं खातात, पण माती सहसा विसरत नाही. ती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली की सूक्ष्मजीव तिच्यातला प्राणवायू संपवतात, मग लोहाचं रूप बदलून ते विरघळतं आणि माती राखाडी, कधी निळसर होते. पाणवनस्पतींच्या मुळांवाटे थोडी हवा आत जाते, तिथे लोह पुन्हा गंजतं. फावड्याने ढेकूळ काढून फोडलं की मुळांच्या वाटेने तांबूस रेघा दिसतात. ऐन मे महिन्यात, पाण्याचा थेंबही नसताना, इथे पाणी उभं असतं हे त्या रेघांवरून कळतं. मात्र आपल्या काळ्या मातीत हे रंग दबून जातात. तिथे साक्षीदार फितूर आहे असंच समजायचं.

देशभर फावडं घेऊन फिरणं शक्य नाही, म्हणून उपग्रह. इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह काढला. आधी अंतर्देशीय की किनारी, मग नैसर्गिक की मानवनिर्मित, आणि त्याखाली एकूण १९ प्रकार. निकट-अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकतं आणि हिरवी पानं जोरात परावर्तित करतात, त्यामुळे त्या पट्ट्यात पाणी काळंभोर दिसतं. पण जलपर्णीने गच्च भरलेलं तळं उपग्रहाला हिरवंगार शेत वाटतं. लावणीच्या वेळचं चिखलणी केलेलं खाचर तळ्यासारखं दिसतं. सह्याद्रीत कड्याची सावलीसुद्धा पाणी म्हणून खपून जाते. शिवाय पाणथळी तुडुंब भरतात तेव्हाच आभाळ ढगांनी भरलेलं असतं. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, शांत पाण्यावरून भलतीकडे उसळतात आणि ते गडद दिसतं. पाण्यात उभ्या झाडोऱ्यावर मात्र दोनदा आपटून परत येतात, म्हणून तो भाग उजळतो. दलदल आणि उघडं पाणी वेगळं काढायला हा फरक फार कामाचा.

त्या नकाशासंग्रहाने पावसाळ्याआधीची आणि नंतरची अशी दोन्ही चित्रं पाहिली, हे माझ्या मते त्याचं सर्वांत शहाणपणाचं काम. कारण पाणथळीचा जीव काठात असतो. पाणी ओसरताना उघडा पडणारा चिखल हेच तुताऱ्या, चिखले आणि शेकाटे या पाणपक्ष्यांचं ताट. याच पट्ट्यात गाळपेरही होते, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पेरणी, आणि कागदोपत्री मात्र तो पड किंवा पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जमीन. एका दिवसाचं चित्र घेऊन रेघ मारली तर हा पट्टा हमखास बाहेर राहतो. मग भराव टाकणारा खुशाल म्हणतो, इथे पाणी होतंच कुठे?

दुसरी गोम आकाराची. १:५०,००० च्या नकाशावर ३ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवर १५० मीटर बाय १५० मीटर, २.२५ हेक्टर. त्याहून लहान जागेची हद्द रेखाटली गेली नाही, तिथे नुसता ठिपका पडला. अशा ठिपक्यांची संख्या ५,५५,५५७. हद्दीसह आखलेल्या जागा २,०१,५०३. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षणाचा आदेश दिला तो या दुसऱ्या आकड्याला. गावतळी, कोकणच्या सड्यावर पावसाळ्यापुरती भरणारी डबकी, त्यांत फुलणाऱ्या सीतेच्या आसवांसकट, त्या आकड्याबाहेरच राहिली.

पुढच्या नकाशासंग्रहात मोठ्या पाणथळींचा आकडा २,३१,१९५ वर गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्यांची प्रत्यक्ष पाहणी करून हद्दी निश्चित करायला सांगितलं. मोजणीची माणसं ऑक्टोबरमध्ये गेली तर काठावरच्या लव्हाळ्यांपर्यंत जातील. मे महिन्यात गेली, तर गाळपेरीच्या कलिंगडांच्या वेलांतून बरंच आत चालत गेल्यावर त्यांना पाणी लागेल.